डावा कान, उजवा कान

दुपारच्या ठाणे लोकलमध्ये घाटकोपर सुटता सुटता माझा डावा कान गेला. हेडफोनचा. उजवीकडून मल्लिकार्जुन मन्सूर गातच होते, डावीकडून अख्खी गाडी आत आली: पंखे, रूळ, चिक्कीवाला आणि कुणाच्या तरी सासूबाईंचं पथ्यपाणी.

पुढचं सांगायला नकोच. पिन थोडी फिरवायची, वायर मुळाशी चिमटीत धरायची, एका ठरावीक कोनात आवाज परत येतो. मग तो कोन मोडू नये म्हणून हात खिशातच ठेवायचा. हा माणूस पाकीट सांभाळतोय असं लोकांना वाटतं, वाटू द्यावं. काही जण रबरबँड लावतात, काही सेलोटेप. आमच्या ऑफिसातल्या एकाने बॉलपेनमधली स्प्रिंग काढून वायरीच्या मुळाशी गुंडाळली होती. आम्ही सगळे हसलो होतो, पण आमच्या वायरी गेल्या तरी त्याची चालूच होती.

लोक हेडफोन घेताना तो आधी कानात घालून बघतात. मी आधी त्याची मान बघतो. मान म्हणजे पिनेच्या मागे वायर जिथे रबरात शिरते ती जागा. ते रबर लांब आणि लवचीक असेल तर वायर गोल वळते. आखूड आणि कडक असेल तर वायर रबराच्या कडेवरच रोज मोडत राहते आणि एक दिवस मोडतेच. आतला स्पीकर सहसा जात नाही हो. गाणारा ठणठणीत असतो, निरोप पोचवणारा वाटेत मरतो. दुसरी मरणाची जागा म्हणजे वायरीला जिथे फाटा फुटतो ती. पिन काटकोनात वळलेली असली तर खिशात जरा सुखाने राहते, सरळ पिन प्रत्येक वेळी खाली बसताना मांडीचा मार खाते. हे सगळं खोक्यावर लिहिलेलं नसतं. खोक्यावर बास लिहिलेला असतो.

ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडला गेलं की हेडफोनवर उपचार करणारी माणसं अजून सापडतात. जिन्याखालचा गाळा, एक स्टूल, एक दिवा. माझ्या नेहमीच्या काकांनी वायर कापली, वरचं रबर सोललं आणि आतलं दाखवलं. केसाएवढे तांब्याचे तंतू, लाल ते उजव्या कानाचे, हिरवे ते डाव्याचे, आणि त्यांच्यात गुंतवलेला एक पांढरा दोरा, ओढ सोसण्यासाठी. तो लाल-हिरवा रंग म्हणजे तांब्यावर चढवलेला इन्सुलेशनचा पातळ थर असतो. तो जळाल्याशिवाय सोल्डरचा डाग बसत नाही. घरी डाग द्यायला बसणारे हौशी लोक इथेच अडकतात, नखाने सोलत बसतात. काकांनी सोल्डरिंगच्या टोकावर वितळलेल्या कथिलाचा थेंब घेतला आणि तंतूंची टोकं त्यात बुडवली. बारीक धूर, जरासा वास, आणि टोकं चांदीची होऊन बाहेर.

‘‘साहेब, पुढच्या वेळी सुटी वायर लागणारे घ्या,’’ काका म्हणाले. ‘‘वायर गेली की वायर बदलायची. माझा धंदा बसेल, पण तुम्ही घ्या.’’

तेव्हा जोडून घेतलेच, पण काकांचं मनावर घेऊन पलीकडच्या दुकानातही शिरलो.

आता माझा एक विक्षिप्तपणा. हेडफोन पारखायला मी गाणं लावत नाही. गाण्याआधीचे तानपुरे लावतो. जुन्या मैफलीचं ध्वनिमुद्रण असेल तर ते अर्धं-एक मिनिट असतंच: गवई अजून खाकरतोय, तबलजी हातोडीने एखादी गट्टी ठोकतोय, आणि मागे तानपुरे. पंचम, जोडीच्या दोन तारा, खर्ज. घोडीवर तारेखाली सरकवलेल्या सुताच्या धाग्यामुळे त्या तारांना जी जवारी, म्हणजे झणझणती गुंज, येते, तिच्यातच तानपुऱ्याचा जीव. चांगल्या हेडफोनात चारी तारा सुट्या ऐकू येतात, आणि त्यांच्या वर कुणीच न छेडलेला एक गंधारही तरंगत असतो. वाईट हेडफोनात नुसता गुणगुणाट. बास फुगवलेल्यात तर विचारूच नका, पुढे डग्गा पाण्याच्या पिंपासारखा घुमतो आणि गायक पिंपामागे उभा राहून गातो.

दुकानातला पोरगा समजूतदार होता. एक, दोन, तीन जोड झाले. चौथ्याला त्याच्याने राहवलं नाही. ‘‘सर, गाणं तर सुरू होऊ द्या!’’

त्याने मोठे हेडफोन दाखवले, कान झाकणारे. घरी रात्री ऐकायला त्यांच्यासारखं सुख नाही. पण मुंबईत मे महिन्यात दुपारी दोन वाजता फलाट क्रमांक चारवर दोन्ही कानांवर गाद्या लावून ज्याने उभं राहून दाखवलं, त्याला माझा नमस्कार. शिवाय इथल्या दमट हवेत आणि घामात त्या गाद्यांवरचं नकली चामडं सुटतं, आणि मग कानाभोवती, कॉलरवर, उशीवर काळे कण. माझ्या भाच्याला घरात सगळे सारखे ‘तोंड धू’ म्हणत होते. तो धूतही होता.

मग त्याने नॉइज कॅन्सलिंगवाले काढले. ही कल्पना ज्याने तडीस नेली तो अमर बोस, वडील बंगालमधून अमेरिकेत गेलेले. १९७८ साली युरोपातून अमेरिकेला परतताना विमानात मिळालेल्या हेडफोनात इंजिनाच्या घरघरीपुढे संगीत ऐकू येईना, तेव्हा गृहस्थाने विमानातच गणित मांडायला घेतलं. बाहेरचा आवाज माइकने टिपायचा, त्याची बरोब्बर उलटी लाट तयार करायची आणि दोघांची झुंज लावून द्यायची. वैमानिकांसाठीचा हेडसेट बाजारात यायला १९८९ उजाडलं. ही युक्ती चालते ती सलग, खालच्या पट्टीतल्या घरघरीवर. अचानक येणाऱ्या आणि वरच्या पट्टीतल्या आवाजांपुढे तिचं फारसं चालत नाही. तेव्हा आपल्या एसी लोकलमध्ये काय होतं, तर मोटरची घरघर गायब, एसीचा घुमार गायब, आणि त्या शांततेत शेजारच्या गृहस्थांचा पार्किंगवरून सोसायटीच्या सेक्रेटरीशी चाललेला वाद लख्ख. पूर्वी तो अर्धाच कळायचा.

विमानाने जाणाऱ्यांनी जरूर घ्यावेत. मी ठाण्याला जातो.

बिनवायरींबद्दल माझं भांडण वेगळं आहे. ऐकायला उत्तम, गुंतवळ नाही, दादरला उतरताना कुणाच्या सॅकच्या चेनमध्ये अडकून तुमची मुंडी मागे ओढली जात नाही. पण एवढ्याशा बोंडात बॅटरी ती केवढी असणार! दोनतीन वर्षांत ती थकते, आणि बहुतेकांत ती बदलायची सोयच नसते. स्पीकर धडधाकट असताना अख्खी वस्तू कचऱ्यात. जिन्याखालचे काकासुद्धा त्यांना हात लावत नाहीत. आणि फलाट आणि गाडी यांच्यामधल्या फटीत एक बोंड पडल्यावर उरलेलं हातात घेऊन रुळांकडे बघत उभी असलेली माणसं मी पाहिली आहेत. २०१६ साली आयफोनने हेडफोनच्या पिनेचं ३.५ मिलिमीटरचं भोक बुजवलं तेव्हा लोक हसले होते. मग एकेक करत बरेच जण बुजवत गेले, आणि आता वायरवाल्यांनी पिन फोनला जोडणारं दोन बोटांचं एक शेपूट वेगळं जपायचं. ते हेडफोनच्या आधी हरवतं.

वायरीला दोन जण बांधले जायचे, ती मजाही गेली. १ जुलै १९७९ रोजी सोनीचा पहिला वॉकमन जपानात विक्रीला आला, त्याला हेडफोनची दोन भोकं होती. एकट्यानेच ऐकत बसणं बरं दिसत नाही, अशी सोनीचे एक संस्थापक अकिओ मोरितांना धास्ती. वर एक नारिंगी बटण, ते दाबलं की गाणं हळू होऊन एकमेकांशी बोलता यायचं. पुढे कंपनीच्या लक्षात आलं की लोकांना एकट्यानेच ऐकायचंय, आणि दुसरं भोक गेलं. आपल्याकडे मात्र माटुंग्याला चढणाऱ्या कॉलेजच्या मुलींनी ती सोय एकाच भोकात करून घेतली होती, डावा कान तुझा, उजवा माझा. साठच्या दशकातली काही स्टिरिओ ध्वनिमुद्रणं अशी आहेत की आवाज एका बाजूला आणि वाद्यं दुसऱ्या. तसलं काही लागलं तर एकीला गाणं मिळणार आणि दुसरीला नुसता ठेका. तक्रार ऐकली नाही कधी. दोघींपैकी एक शीवला झटकन उठली की फाट्यापाशी वायर तुटायची, तो भाग निराळा.

आमच्या घरी पहिला आला तो एकाच कानाचा. बाबांच्या ट्रान्झिस्टरबरोबर चामड्याच्या पट्ट्याला लावलेल्या छोट्या कप्प्यात तो मिळाला होता. क्रीम रंगाचा, गोल, पिळाची वायर. गिरगावात चाळीत दोन खोल्या, त्यात आम्ही सहा जण. १९८६ चा जानेवारी, भारताचा सिडनीला कसोटी सामना. तिथला खेळ आपल्याकडे पहाटे साडेपाचच्या सुमारास सुरू व्हायचा. बाबा शॉर्टवेव्हवर रेडिओ ऑस्ट्रेलिया लावायचे आणि आम्ही उठू नये म्हणून तो हेडफोन एका कानात घालून खिडकीशी बसायचे. मी जागाच असायचो. ऐकू काहीच यायचं नाही, फक्त बाबांचा चेहरा दिसायचा. लाट गेली की कपाळाला आठी, ट्रान्झिस्टर दोन इंच डावीकडे, मग आठी उतरायची. चौकार गेला की भुवई. समोरच्या गॅलरीत दात घासत उभे असलेले काका नुसती मान उडवून विचारायचे, बाबा बोटांवर सांगायचे. त्या सामन्यात बोटं दाखवणं सोपं होतं, कारण विकेटच पडत नव्हत्या. गावसकर १७२, अमरनाथ १३८, श्रीकांत ११६. ४ बाद ६०० वर आपण डाव सोडला. शेवटी सामना अनिर्णित राहिला, पण ते दुःख आकाशवाणीच्या बातम्यांत सगळ्या घराला मिळून झालं.

आई आतून म्हणायची, ‘‘अहो, केंद्रावर जायचंय ना?’’ दुधाच्या बाटल्या हातात दिल्या तरी बाबांना कळायचं नाही. दुसरा कान मोकळा होता, त्यानेही ऐकू यायचं नाही. हे मला पुष्कळ दिवस कोडं होतं.

बाबांना आता कानाचं यंत्र आहे. ते लावून घरी आले त्या दिवशी त्यांनी सगळ्यांत आधी पंख्याकडे बघितलं. ‘‘हा एवढा आवाज करतो?’’ म्हणाले. ‘‘आणि तुम्ही यात झोपता?’’ नातेवाईक आले की यंत्र काढून ठेवतात.

म्हणून आवाजाच्या बाबतीत मी जरा घाबरट आहे. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब असा की ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास ठीक, आणि आवाज ३ डेसिबलने चढला की तास निम्मे करायचे. गाडीत गाडीचा आवाज आधीच एवढा, की त्याच्या वर गाणं काढायचं म्हणून आपण चढवतच जातो. त्यावर उपाय म्हणजे कानात घट्ट बसणारं रबराचं टोपण. खोक्यात तीन मापांची येतात. बहुतेक माणसं मधलं लावलेलं असतं तेच जन्मभर वापरतात आणि बाकीची दोन ड्रॉवरमध्ये शाईच्या बाटलीशेजारी म्हातारी होतात. नीट बसलं नाही की बास आधी पळतो, आणि मग आपण म्हणतो, हेडफोन पुचाट आहे. आपले दोन्ही कान एकाच मापाचे असतात असंही नाही. माझ्या डाव्याला मोठं लागतं, उजव्याला मधलं. पन्नाशीला आल्यावर हे कळलं, आणि नवीन हेडफोनाने जेवढा फरक पडला नसता तेवढा पडला. वायर कानावरून मागे घेतली तर शर्टाला घासून होणारी खरखरही कमी होते. फलाटावर उतरलो की दोन्ही काढतो, त्यात मात्र तडजोड नाही.

घेतले शेवटी. वायरवाले, सुट्या वायरीचे, मान लांब, पिन काटकोनी. तानपुरे चांगले वाजतात. पंखे आणि चिक्कीवाला थोडे आत येतात, येऊ देत. कल्याणच्या गाडीत बसून तिबेटात असल्यासारखं वाटावं एवढी माझी साधना नाही.

बाकी बिनवायरीचे वापरा, गाद्यांचे वापरा, बॉलपेनची स्प्रिंग लावा, माझं काही म्हणणं नाही. माझं म्हणणं आहे ते चौथ्या सीटवर बसून मोबाइल छातीशी धरून अख्ख्या डब्याला रील्स ऐकवणाऱ्या त्या गृहस्थांबद्दल. त्यांना एक जोड घेऊन द्यायचा तर मी डब्यात वर्गणी काढायला तयार आहे. कुठलेही चालतील. बास जास्त असला तरी.