लाल देवळात शिरताना

कॅम्पातल्या कुठल्याही रिक्षावाल्याला ‘लाल देऊळ’ म्हणा, तो मोलेदिना रोडला आणून सोडतो. फाटकाच्या आत मात्र कुणी सोडत नाही. लाल देऊळ म्हणजे ओहेल डेविड सिनेगॉग, ज्यूंचं प्रार्थनास्थळ. 2008 साली मुंबईत नरिमन हाऊस या ज्यू केंद्रावर हल्ला झाला, तेव्हापासून इथला बंदोबस्त कडक आहे. मला आतल्या कमानींची रेखाटनं करायची होती, म्हणून परवानगीच्या मागे लागलो.

एका कार्यालयाने दुसरीकडे पाठवलं, दुसऱ्याने परत पहिल्याकडे. पुणेकराला यात नवल ते काय! अखेर विश्वस्तांच्या नावे पत्र दिलं. कशासाठी यायचंय, सोबत कोण, हे त्यात लिहिलं आणि ओळखपत्राची प्रत जोडली. शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार संध्याकाळ शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, त्यामुळे तेव्हा नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरात त्यांचे मोठे सण, तेव्हाही अवघडच. शेवटी एक रविवार ठरला.

बाहेरून ही इमारत मी लहानपणापासून पाहतोय. लाल वीट, मधेमधे काळा बेसाल्ट, टोकदार कमानी आणि घड्याळ असलेला नव्वदेक फुटांचा मनोरा. नवखा माणूस चर्चच म्हणेल, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. 1863 मध्ये काम सुरू झालं ते हेन्री विल्किन्स या लष्करी इंजिनिअरच्या आराखड्यावर. ससून हॉस्पिटलही त्याचंच, आणि त्याला ठाऊक होतं ते इंग्लिश गॉथिक, तिकडच्या चर्चांची शैली. पैसा बगदादहून मुंबईत आलेले ज्यू व्यापारी डेविड ससून यांचा. ते 1864 मध्ये पुण्यातच वारले, काम पुरं झालं 1867 मध्ये. त्यांची कबर याच आवारात आहे.

पिशवी आणि मोबाईल चौकीत ठेवले, डोक्यावर टोपी घातली. दाराच्या उजव्या चौकटीला एक छोटी तिरकी डबी दिसली. तिला मेझुझा म्हणतात. आत चर्मपत्रावर हाताने लिहिलेली हिब्रू वचनं असतात.

आत गेल्यावर नजर सवयीने समोरच्या टोकाला वेदी शोधते. इथे ती फसते. सगळ्यांचं लक्ष जावं अशी जागा दालनाच्या मधोमध आहे: कठडा असलेला चौथरा, तेवा. तोरा, म्हणजे ज्यूंचा धर्मग्रंथ, वाचतात ती इथूनच. तोराच्या गुंडाळ्या ठेवायचं कपाट, हेखाल, पश्चिमेच्या भिंतीत. कारण पुण्याहून जेरुसलेम पश्चिमेला. युरोपातली चर्चं आणि सिनेगॉग बहुधा पूर्वेकडे तोंड करून. बायकांसाठी वर सज्जा. भिंतीवर ना मूर्ती, ना माणसाचं चित्र.

तिथल्या काकांनी एक गोष्ट हाताने करून दाखवली, ती मला फार आवडली. बगदादी पद्धतीत तोराची गुंडाळी कापडात न गुंडाळता कडक, उभ्या पेटीत असते. पेटी दोन दारांच्या कपाटासारखी उघडते आणि तोरा तशीच उभी ठेवून वाचतात. विल्किन्सने बाहेर इंग्लंड उभं केलं खरं, पण आत बगदादचंच चालतं. माझ्या मते या इमारतीची खरी गंमत हीच, आणि रस्त्यावरून ती कळायला मार्ग नाही.

फोटोला मनाई होती. पेन्सिल चालते का, विचारलं, चालते म्हणाले. सज्जाखालच्या कमानी कागदावर उतरल्या, तेवाचा कठडा अर्धाच झाला.

आता रास्ता पेठेतल्या सुक्कथ शेलोमो सिनेगॉगसाठी पत्र दिलंय. ते 1921 चं, आपल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंचं, बेने इस्रायलींचं. उत्तराची वाट पाहतोय.