पाणी आलं रे!

माझ्या कपाटात साठ मिनिटांची एक कॅसेट आहे. तिच्या पाठीवर बंड्याच्या गिचमिड अक्षरात 'कांगोज, पुसू नये' असं लिहिलंय. गेली कित्येक वर्षं ती वाजलेली नाही. घरात ती वाजवायला यंत्र उरलेलं नाही, आणि असतं तरी तिच्या पोटातला तो इवलासा स्पंज केव्हाच गळून पडलाय. पण कॅसेट मला तोंडपाठ आहे. मधल्या खोकल्यासकट.

१९८४ चा पावसाळा. बंड्या तेव्हा गिरगावात चाळीत राहायचा. दुसरा मजला, दोन खोल्या, पुढे गॅलरी. त्याचा मावसभाऊ शिपवर होता. शिपवरचा माणूस परत आला की चाळीत सणच असायचा. कुणाला साबण, कुणाला अत्तर, पोरांना चॉकलेटं. त्या खेपेला त्यानं इंग्लंडातून एक एलपी आणली. दुकानात मागितला होता बॉब मार्ली, पण काउंटरवरचा पोरगा म्हणाला, मार्ली सगळेच नेतात, तू हे ने. हातात पडलं जमैकातल्या 'द कांगोज' या गायकांचं 'हार्ट ऑफ द कांगोज'. मावसभावानं ते एकदा ऐकलं, 'कसली तरी भजनं आहेत' असा शेरा मारला आणि एलपी बंड्याच्या गळ्यात घालून पुन्हा जहाज गाठलं.

शेरा तसा अगदीच चुकीचा नव्हता. रूट्स रेगे म्हणजे बऱ्याच अंशी भजनंच. रास्ताफारी या जमैकातल्या पंथाच्या लोकांची बायबलातली वचनं, गुलामीची आठवण, आफ्रिकेची ओढ आणि या सगळ्याखाली तो डुलत चालणारा ठेका. त्या ठेक्याची गंमत मला फार उशिरा कळली. चारातली पहिली मात्रा मोकळी सोडायची आणि ड्रमचा दणका तिसरीवर द्यायचा. आपल्या रूपक तालात समेवरच खाली असते, त्याच्याच जातकुळीतला हा प्रकार. जिथे पाय आपटायला जावं तिथे जमीनच नाही, मग माणूस डोलणार नाही तर काय करणार?

पण तेव्हा आम्हाला हे काही माहीत नव्हतं. आम्हाला एवढंच कळलं होतं की ही तबकडी मावसभाऊ पुढच्या खेपेला परत मागू शकतो, तेव्हा कॅसेट करून ठेवली पाहिजे. रेकॉर्ड प्लेअरमधून टू-इन-वनमध्ये जाणारी वायर नव्हती. मग प्लेअरच्या स्पीकरसमोर टू-इन-वन ठेवला, दाराला गादी लावली आणि घरात सगळ्यांना गप्प बसायला सांगितलं. चाळीत, संध्याकाळी, गप्प! आजोबा खोकले ते पहिल्याच मिनिटाला.

पहिलं गाणं कोळ्याचं आहे. होडी वल्हवत राहा, असं गाणारे पुन्हा पुन्हा विनवतात, कारण काठावर भुकेली पोरं वाट बघताहेत. पाण्यावर हेलकावल्यासारखं ते गाणं पुढे सरकतं. आणि आमच्या कॅसेटवर, ऐन रंगात आलेलं असताना, गॅलरीच्या टोकाकडून बंड्याच्या आईचा आवाज येतो: "पाणी आलं रे! बादल्या लाव!"

त्यानंतर एक खुर्ची सरकते आणि दाराची कडी वाजते. होडी चालूच.

दुसरी भानगड गाईची. गाण्यांत मधूनमधून, कुठून तरी लांबून, एक गाय हंबरायची. त्यात आम्हाला आश्चर्य वाटण्यासारखं काही नव्हतं. चाळीच्या तोंडाशी देऊळ होतं आणि देवळाशी गाय बांधून, गवताच्या पेंड्या विकत एक बाई बसायची. तिचीच गाय कॅसेटवर आली, हे उघड होतं. एलपीवर नुसती गाणी ऐकताना ती गाय हंबरत होती की नाही, हे तपासायचं आमच्या डोक्यातही आलं नाही. मावसभावानं तबकडी खरोखरच परत नेली आणि पुढची बारा वर्षं मी त्या बाईच्या गाईला जमैकन संगीतात घुसल्याबद्दल दोष देत राहिलो.

माझ्या आईची तक्रार निराळी होती. ती एकदा भाजी निवडता निवडता ऐकत बसली आणि म्हणाली, "बाई छान गाते." मी म्हटलं, बाई नाही, पुरुष आहे, सेड्रिक मायटन. ती थोडा वेळ ऐकत राहिली. "बालगंधर्वांनंतर एवढंच ऐकायचं राहिलं होतं," म्हणाली आणि पुन्हा गवारीच्या शिरा काढायला लागली. मायटनचा तो उंच, काचेसारखा आवाज, त्याच्या खाली रॉय जॉन्सनचा मधला आणि तळाशी वॉटी बर्नेटचा खर्जातला. मूळ जोडी पहिल्या दोघांची. वॉटीला त्यात आणून बसवलं ते निर्माता ली 'स्क्रॅच' पेरीनं, आणि तळ भरून निघाला.

पेरी म्हणजे या रेकॉर्डचा खरा कर्ता. किंग्स्टनच्या वॉशिंग्टन गार्डन्स भागात, स्वतःच्या घराच्या परसात त्यानं १९७३ मध्ये 'ब्लॅक आर्क' नावाचा स्टुडिओ बांधला. आत टेपचं यंत्र चारच ट्रॅकचं, म्हणजे शेजारी शेजारी चारच वेगळे आवाज मावणार. तेव्हा मोठ्या स्टुडिओंत सोळा नि चोवीस ट्रॅकची यंत्रं आलेली होती. पेरीची रीत अशी: चारही ट्रॅक भरले की त्यांची गोळाबेरीज करून दुसऱ्या टेपवर घ्यायची, म्हणजे जागा मोकळी, मग तिच्यावर आणखी आवाज चढवायचे. एकदा, दोनदा, हवं तितक्यांदा. झेरॉक्सची झेरॉक्स काढण्यातलाच प्रकार हा. दर खेपेला थोडी खरखर वाढते, थोडी धार जाते. कुणीही शहाणा माणूस हे टाळेल. पेरीनं त्याच गढूळपणात शेती केली. वरून आवाज फिरवणारा फेझर, वरून घुमवणारा एको. गाणारे जणू ओल्या गुहेत उभे आहेत आणि गुहा श्वास घेते आहे. माडाच्या बुंध्याशी माइक पुरून त्यावर थाप मारून ढोलाचा आवाज काढला, टेपवर गांजाचा धूर सोडला, अशा त्याच्या दंतकथा तर ढीगभर. (गांजा हा शब्द तिकडे आपल्याकडूनच गेला. १८४५ पासून इथले करारबद्ध मजूर जमैकात उसाच्या मळ्यांवर नेले गेले, त्यांच्या गाठोड्यातून. चिलीमही गेली. परतीच्या भाड्याचं म्हणाल तर रेगे आलं, असं समजायला हरकत नाही.)

१९७७ मध्ये हे रेकॉर्ड झालं तेव्हा पेरीचा लंडनच्या आयलंड कंपनीशी करार होता. मॅक्स रोमियोचं, ज्युनिअर मर्विनचं, असे त्याचे इतर अल्बम त्यांनी जगभर काढलेही होते. हे मात्र काढलं नाही. कारणं अनेक सांगतात, प्रत्येकाचं वेगळं. जमैकात पेरीनं स्वतःच्या लेबलवर अगदी थोड्या प्रती काढल्या, त्या ऐकून त्याचं समाधान झालं नाही, तेव्हा मिक्स, म्हणजे आवाजांचं मिश्रण, बदलून पुन्हा काढल्या. म्हणजे जन्मतःच या अल्बमची दोन रूपं. पुढे इंग्लंडात 'द बीट' या बँडनं आपल्या 'गो फीट' लेबलवर तो काढला. तीच प्रत बहुधा हिंडत हिंडत गिरगावच्या दुसऱ्या मजल्यावर पोचली असावी.

मग १९९६. मँचेस्टरच्या 'ब्लड अँड फायर' नावाच्या छोट्या कंपनीनं तो नव्यानं मास्टर करून दोन सीड्यांत काढला. जुनं रेगे शोधायचं, नीट निगुतीनं काढायचं, सोबत चांगली पुस्तिका द्यायची, हा त्यांचा धंदा. त्यात इतिहासकार स्टीव्ह बॅरो होता आणि पैशाला 'सिंपली रेड' या बँडचा गायक मिक हकनल. अशा माणसांविषयी मला आदर आहे. जुन्या वस्तूवरची माती कुठे संपते आणि वस्तू कुठे सुरू होते, हे ओळखायला हाताला सवय लागते.

रीमास्टर या शब्दाचा बराच बाऊ केला जातो. पेटीवर तो शब्द छापला की दोनशे रुपये वाढतात. काम प्रत्यक्षात आहे ते असं: आमटी झालेली आहे. तिच्यातली हळद आता वेगळी काढता येत नाही, डाळ पुन्हा शिजवता येत नाही. तुम्ही फार तर ती नीट गरम करू शकता, वर आलेला फेस काढू शकता, वाढताना चांगली वाटी घेऊ शकता. शक्य तितकी मूळ टेप शोधायची. काही जुन्या टेप ओल धरून चिकट झालेल्या असतात, त्यांना चक्क मंद भट्टीत काही तास शेकवतात, मग कुठे त्या एकदा वाजण्यापुरत्या शुद्धीवर येतात. मग खालचा-वरचा स्वर तोलायचा, टचटच काढायची. बिघडवायचं असेल तर सोपं आहे. सगळंच मोठ्यांदा करून ठेवायचं, लग्नाच्या हॉलमधल्या स्पीकरसारखं. गेल्या तीस वर्षांत असे पुष्कळ अल्बम जीव जाईपर्यंत घासले गेले.

पण इथे प्रश्न असा की फेस कोणता? पेरीच्या रेकॉर्डमधली खरखर ही चूक आहे की मसाला? ती काढली तर गुहा जाते, नुसते तीन गायक उरतात. 'ब्लड अँड फायर'वाल्यांनी ती ठेवली. मी ती सीडी पहिल्यांदा हेडफोनवर ऐकली तेव्हा आधी वाटलं कुणीतरी खिडकी पुसली. स्लाय डनबारच्या झांजांचा कण न् कण वेगळा. बॉरिस गार्डिनरचा बेस, जो आमच्या कॅसेटवर शेजारच्या खोलीतून आल्यासारखा होता, तो थेट पोटात. मायटन ओळ उचलण्याआधी श्वास घेतो, तो श्वाससुद्धा. आणि तेवढ्यात गाय हंबरली.

मी हेडफोन काढून खिडकीबाहेर बघितलं. मी तेव्हा राहायचो तिथे चौथ्या मजल्याखाली फक्त पार्किंग होतं.

म्हणजे गाय त्यांची होती! गिरगावातली ती बाई, तिच्या गवताच्या पेंड्या, तिची बापडी गाय, सगळे बारा वर्षं विनाकारण आरोपी. आणि खरी मजा तर पुढे आहे. ती गायही गाय नव्हतीच. वाचलं ते असं की तो आवाज वॉटी बर्नेटचा. पुठ्ठ्याची नळी घ्यायची, तिला चांदी गुंडाळायची, चॉकलेटला असते तसली, आणि त्यातून खर्जात हंबरायचं. पेरीला तो इतका आवडला की त्यानं तो इतर गाण्यांतही चरायला सोडला. ते कळल्यावर मी पुन्हा ऐकलं. स्वच्छ केलेल्या त्या आवाजात खरोखरच जाणवतं की या गाईला गळा आहे, ती दम घेते. कॅसेटवर ती जास्त गाय होती.

पेरीचा स्टुडिओ १९८३ मध्ये जळला. आपणच पेटवला, असं तो सांगायचा. तो २०२१ मध्ये गेला. बंड्याची चाळही मध्यंतरी पडली आणि तिथे टॉवर उभा राहिला. चोवीस तास पाणी, असं जाहिरातीत होतं. बंड्या आता बदलापूरला असतो आणि तिथे पाणी दिवसाआड येतं.

या अल्बमची चाळीस वर्षं झाली तेव्हा २०१७ मध्ये तीन चकत्यांची आवृत्ती निघाली, पेरीनं आधी केलेलं आणि मग मोडलेलं ते पहिलं मिक्सही तिच्यात आहे. मुलीनं गेल्या दिवाळीला ती आणून दिली. ते पहिलं मिक्स ऐकताना मला एखाद्या ओळखीच्या माणसाचा मिशी फुटण्याआधीचा फोटो बघितल्यासारखं वाटलं. तोच आहे, पण अजून तो झालेला नाही. मूळ म्हणायचं तर तेच मूळ. पेरीला नकोसं झालेलं मूळ.

एका रात्री मी हट्टानं तिन्ही चकत्या लागोपाठ ऐकल्या. कोळ्याचं गाणं आलं की दर वेळी त्या जागेपाशी माझा कान उभा राहायचा. अंगात मुरलेलं आहे ते, काय करणार. होडी हेलकावते, मायटन वर चढतो, मागून बाकीचे साथ देतात, मग ती जागा येते. आणि तिथे काहीच नाही. बेस चालू राहतो. कुणी खुर्ची सरकवत नाही, कुणी उठत नाही, बादली कोरडीच. इतकी लख्ख शांतता की मला वाटलं, आवाज गेला की काय. मी गाणं मागे नेऊन पुन्हा तपासलंसुद्धा.

रात्रीचे साडेअकरा झाले होते. तरी बंड्याला मेसेज केला. कांगोजची नवी आवृत्ती ऐकतोय, एकदम स्वच्छ, पण पहिल्या गाण्यात ती जागा रिकामी वाटते.

त्याचं लगेच उत्तर आलं. "आई काढली?"

"अरे, ती त्यांच्या टेपवर नव्हतीच. आपल्यावर होती."

"ते कळलं. आणि गाय?"

"गाय आहे."

थोडा वेळ नुसतंच 'टायपिंग' दिसत राहिलं.

"गाय ठेवली आणि आई काढली," बंड्यानं लिहिलं. "कसली माणसं रे!"