पाणी आलं की कम्प्युटर जातो

शीर्षक माझं नाही, आईचं आहे. तीन महिने मी विंडोज, रॅम, ग्राफिक कार्ड सगळ्यांना शिव्या घालत होतो आणि उत्तर तिने दुसऱ्याच आठवड्यात सांगितलं होतं, मी फक्त "आई तू गप गं" म्हणून विषय संपवला होता.

तर झालं असं की मी भांडुपला राहतो, जुनी चार मजली बिल्डिंग, आमचं घर पहिल्या मजल्यावर, बरोबर खाली मीटर रूम आणि पंप. घरूनच लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. मार्चपासून पीसी मधेच धाडकन बंद व्हायला लागला. निळी स्क्रीन नाही, एरर नाही, काही नाही, फक्त स्क्रीन काळी आणि दोन सेकंदांनी आपला आपण परत चालू. एकदा तर दोन तास चाललेला रेंडर (एडिट झाल्यावर कम्प्युटर शेवटचा व्हिडिओ तयार करतो तो) 94 टक्क्यांवर गेला, त्या दिवशी मी जेवलोही नाही नीट.

पहिला संशय अर्थातच विंडोजवर. फॉरमॅट मारला, दोन दिवस गेले, काही फरक नाही. मग रॅम काढून खोडरबरने घासून परत लावली (हसू नका, कधी कधी चालतं हे), मेमटेस्ट, म्हणजे रॅम तपासायचा प्रोग्रॅम, रात्रभर चालवून बघितलं, एकही एरर नाही. टेम्परेचर बघितलं, प्रोसेसर सत्तरच्या वर जात नव्हता. मग कुठे इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची स्वतःची नोंदवही, उघडायचं सुचलं, खरं तर हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. तिथे लाल रंगात रांगच होती, कर्नल-पॉवर, इव्हेंट आयडी 41. आता हा 41 म्हणजे काही आजाराचं नाव नाही, विंडोज एवढंच म्हणतंय की मला कोणी नीट शट डाऊन केलं नाही. पण डिटेल्समध्ये गेलात तर बगचेक कोड, म्हणजे निळ्या स्क्रीनचा एरर नंबर, दिसतो, आणि तो शून्य असेल तर बहुतेक वेळा मशीनला निळी स्क्रीन दाखवायलाही वेळ मिळालेला नसतो, करंटच गेलेला असतो. माझ्याकडे सगळीकडे शून्य.

त्या लॉगमधल्या वेळा मी वहीत उतरवल्या. 6:22, 6:18, 6:40, 6:21. सगळ्या संध्याकाळच्या. आमच्याकडे पालिकेचं पाणी संध्याकाळी येतं, ते आलं की वॉचमन खालच्या टाकीतून वर चढवायला पंप चालू करतो. आई देवघरात दिवा लावत असते तेव्हा तिथला छोटा बल्ब क्षणभर मंद होतो, ते तिने बघितलेलं. मी हेडफोन लावून बसलेला, मला काय दिसणार.

मोटर चालू होताना पहिल्या क्षणी नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते, त्यामुळे त्याच लाइनवर बाकीच्यांचं व्होल्टेज दबतं. आपल्याकडे 230 व्होल्ट धरलेत, दहा टक्के खालीवर चालतं, म्हणजे 207 ते 253. मी मल्टिमीटर लावून बसलो, पण साधा मीटर एवढ्या झटपट डिपला पकडत नाही, आकडा 228 वरून 210 च्या आसपास हलला आणि परत आला, खरा डिप नक्कीच त्याहून खाली गेला असणार.

मग मी शहाण्यासारखा यूपीएस आणला, लाइट गेली की बॅटरीवर पीसी चालू ठेवणारा डबा, 600 व्हीएचा. आणि इथे खरी गंमत. संध्याकाळी पंप चालू झाला, यूपीएसने टक्क केलं, आणि पीसी तरीही रीस्टार्ट! दुकानदाराला फोन करून भांडलो, बिचारा म्हणाला, "दादा, यूपीएस बरोबर आहे, तुमचा एसएमपीएस बघा."

एसएमपीएस म्हणजे कॅबिनेटमधला पॉवर सप्लायचा डबा, घरातल्या लाइटवरून पीसीला लागणारी वीज करून देतो तो. दुकानदार बरोबर होता. साधा यूपीएस लाइनवरून बॅटरीवर जाताना काही मिलिसेकंद घेतो, चार ते दहा वगैरे. तेवढा वेळ एसएमपीएसने स्वतःच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये साठवलेल्या चार्जवर मशीन चालवायचं असतं, चांगल्या एसएमपीएसला फुल लोडवर साधारण 16 मिलिसेकंद तरी निघायला हवेत. माझा सात वर्षं जुना, कॅबिनेटबरोबर फुकट आलेला. त्यात उन्हाळ्यात बंद खोलीतली गरमी, कपॅसिटर वाळत जातो आणि चार्ज धरेनासा होतो. म्हणूनच नुसतं ब्राउझिंग करताना काही व्हायचं नाही आणि रेंडर लावला की जायचा, लोड जास्त म्हणजे साठवलेलं लवकर संपणार. बरं, टीव्ही चालू राहतो, लॅपटॉपला तर बॅटरीच असते, त्यामुळे घरात इतर कोणालाच त्रास नाही आणि सगळ्यांना वाटतं मीच काहीतरी उचापती केल्या असतील.

खात्री करायला मित्राचा एसएमपीएस आठवडाभर उसना आणला. पंप रोज चालू, बल्ब रोज मंद, पीसी एकदाही नाही गेला. बाकी कुठल्याही टेस्टपेक्षा ही अदलाबदल भारी.

मग लॅमिंग्टन रोड, मुंबईतला कम्प्युटर-इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार. ग्रँट रोडला उतरून चालत गेलो, तिथल्या एका काउंटरवर माझा जुना दाखवला तर त्याने स्टिकर उलटा करून माझ्यासमोर धरला. वर मोठ्या अक्षरात 450 वॉट, पण खाली 12 व्होल्टच्या रकान्यात 14 अँपिअर. गुणाकार करा, 168 वॉट. आणि प्रोसेसर, ग्राफिक कार्ड सगळे जगतात ते त्या 12 व्होल्टवरच. सात वर्षं मी 450 समजत होतो! नवीन घेताना मी तेच बघितलं, 12 व्होल्टला किती अँपिअर, आणि इनपुट 100 ते 240 लिहिलंय का, मागे 115/230 चा लाल स्विच असलेला डबा नको. साडेचार हजार गेले. लग्नाच्या एका अल्बमचे पैसे, पण ठीक आहे.

एक वेगळीच गोष्ट सापडली या नादात. कॅबिनेटला हात लावला की मुंग्या यायच्या, मला वाटायचं सगळ्यांच्याच पीसीला येतात. पीसी चालू ठेवून शेजारच्या सॉकेटला मीटर लावला तर फेज आणि अर्थिंगमध्ये 230 च्या आसपास यायला हवेत तिथे 118 व्होल्ट, म्हणजे बोर्डाला अर्थिंगच नव्हतं, तिसरं भोक नुसतं शोभेचं. क्रॅशचं कारण ते नव्हतं, पण वायरमनला बोलावून आधी ते करून घेतलं. तुम्हालाही मुंग्या येत असतील तर वायरमन बोलवा. आणि हो, एसएमपीएसचा डबा स्वतः उघडू नका, प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये तीनशेच्या वर व्होल्ट राहू शकतात. माझा एका रिपेअरवाल्याने उघडून दाखवला, मोठा कपॅसिटर डोक्यावर फुगलेला, पुरीसारखा.

पंपाचं सेक्रेटरीकाकांना सांगितलं. ते म्हणाले, "पुढच्या मीटिंगला घेऊ." आई आता सहा वाजले की हाक मारते, "पाणी आलं रे!" मी रेंडर थांबवत नाही, पण सेव्ह मात्र करतो.