तुम्ही विचारलंत म्हणून: तो कूपरचा ट्रेड वसूल झाला का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, नाहीतर डॅलसमध्ये राहणाऱ्या माणसाने काउबॉइजचा, म्हणजे आमच्या इथल्या अमेरिकन फुटबॉल टीमचा, विषय आपणहून काढू नये, समोरचा पळून जातो. पण दर वर्षी ट्रेडची डेडलाइन जवळ आली, कुठल्यातरी टीमने सीझनच्या मध्यावर रिसीव्हर उचलला, की फोनवर, दिवाळीच्या फराळाला, पोरांच्या सॉकर प्रॅक्टिसला कडेला उभं असताना कुणीतरी विचारतंच, अरे तुमच्या काउबॉइजने तो अमारी कूपर घेतला होता ना फर्स्ट राउंडचा पिक देऊन, तो शेवटी वसूल झाला का रे? आणि विचारणाऱ्याने स्वतः उत्तर ठरवलेलं असतं की कसला वसूल, शेवटी पाचव्या राउंडच्या पिकवर घालवला ना त्याला.

माझं उत्तर आहे, झाला. चांगला झाला. कूपरच्या बाबतीत काउबॉइजने तीन वेगवेगळे व्यवहार केले, 2018 चा ट्रेड, 2020 चं कॉन्ट्रॅक्ट आणि 2022 ची विक्री, आणि लोक तिन्हीच्या पावत्या एकत्र टाचून सगळा घाटा पहिल्याच्या नावावर टाकतात.

ज्यांना हा खेळ फारसा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: रिसीव्हर म्हणजे क्वार्टरबॅकने फेकलेला बॉल पळत जाऊन झेलणारा. आणि एनएफएलमधला (ही अमेरिकन फुटबॉलची लीग) ट्रेड म्हणजे रोख खरेदी नाही, बदल्यात खेळाडू जातो नाहीतर पुढच्या ड्राफ्टमधला पिक, म्हणजे कॉलेजमधून येणारी नवी पोरं निवडायच्या रांगेतला तुमचा नंबर. राउंड म्हणजे त्या निवडीची एक फेरी, पहिली सगळ्यात मोलाची. त्यातही जी टीम जास्त हरते तिला रांगेत पुढे उभं करतात. हे लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

तर 2018 चा ऑक्टोबर. रिसीव्हर डेझ ब्रायंटला एप्रिलमध्येच नारळ दिलेला, जेसन विटन रिटायर होऊन टीव्हीवर कॉमेंट्री करायला गेलेला, आणि डॅक प्रेस्कॉटने बॉल फेकायचा कुणाला तर कोल बीझली, ॲलन हर्न्स आणि त्याच वर्षी आलेला मायकल गॅलप. सात मॅचमध्ये तीन जिंकलेले, चार हरलेले. 21 तारखेला वॉशिंग्टनमध्ये 20-17 ने हरले, शेवटची किक खांबाला लागून बाहेर, आणि दुसऱ्याच दिवशी बातमी आली की ओकलंडच्या रेडर्सकडून कूपर घेतलाय आणि बदल्यात 2019 चा फर्स्ट राउंडचा पिक दिलाय. कूपर 24 वर्षांचा, 2015 च्या ड्राफ्टमध्ये चौथ्या नंबरवर गेलेला, पण त्या सीझनला ओकलंडमध्ये सहा मॅच खेळून 22 कॅच नि 280 यार्ड (बॉल झेलून पुढे नेलेलं अंतर), म्हणजे काहीच नाही. लोक हसले.

हसायला कारणही होतं म्हणा. काउबॉइजच्या याच मालकाने, जेरी जोन्सने, बरोब्बर दहा वर्षांपूर्वी, 2008 च्या ऑक्टोबरात, डेट्रॉइटकडून रॉय विल्यम्स घेतला होता, पहिल्या, तिसऱ्या आणि सहाव्या राउंडचे पिक मोजून, वर लगेच मोठं कॉन्ट्रॅक्ट, आणि रॉयने उरलेल्या सीझनमध्ये दिवे काय लावले तर 19 कॅच, 198 यार्ड, एक टचडाऊन (बॉल समोरच्याच्या टोकाच्या पट्ट्यात नेणं). शेवटच्या मॅचला फिलाडेल्फियाने 44-6 धुतलं आणि प्लेऑफ, म्हणजे सीझननंतरची बाद फेरी, हातची गेली. डेट्रॉइट त्या वर्षी सोळाच्या सोळा मॅच हरलं होतं, म्हणजे ज्यांना अख्ख्या सीझनमध्ये कुणालाच हरवता आलं नाही त्यांनी सौद्यात मात्र आम्हाला हरवलं.

"फार मोजले" हा आरोप मात्र मी धरतच नाही. सीझनच्या मध्यावर घ्यायला जाणारा अडलेलाच असतो आणि विकणाऱ्याला ते दिसत असतं, दसऱ्याच्या सकाळी झेंडू घ्यायला गेल्यावर भाव आपण ठरवतो का, तसंच. जास्तच द्यावे लागतात. बघायचं असतं ते हे, की ज्या कामासाठी अडला होतात ते काम झालं का, आणि दिलेल्या वस्तूची खरी किंमत शेवटी किती भरली.

काम झालं का ते आधी. ट्रेडनंतर लगेच बाय वीक होता, म्हणजे मॅच नाही, तेवढ्यात त्याला प्लेबुक, म्हणजे टीमच्या चालींची वही, पाठ करायला मिळालं (रिसीव्हरचे कोच तेव्हा संजय लाल होते, नाव ऐकून आपले लोक जरा सावरून बसतात). पहिली मॅच टेनेसीशी, तीही हरले, 3-5, म्हणजे तीन जिंकलेल्या, पाच हरलेल्या. मग पुढच्या आठातल्या सात जिंकल्या. थँक्सगिव्हिंगच्या दुपारी, जी मॅच काउबॉइज दर वर्षी घरीच खेळतात, त्याच वॉशिंग्टनविरुद्ध कूपरचे 180 यार्ड आणि दोन टचडाऊन, त्यातला एक 90 यार्डांचा, आणि तो लांब फेकलेला बॉल नव्हता हे बघायला हवं, बॉल जवळच झेलला, अडवायला आलेला निसटला आणि मग हा पळतच सुटला. कूपरचं खरं कसब पायांत होतं. सुरुवातीच्या दोनतीन पावलांतच तो खांदा असा काही टाकायचा की समोरच्या कॉर्नरबॅकने, म्हणजे त्याला अडवणाऱ्याने, एकदा का कंबर वळवली की हा उलट्या बाजूला मोकळा. डॅकला त्या सीझनला हेच मिळत नव्हतं, बॉल फेकायच्या वेळी कुणीतरी मोकळा दिसणं.

आणि 9 डिसेंबरची फिलाडेल्फियाची मॅच. 10 कॅच, 217 यार्ड, तीन टचडाऊन. पहिला 28 यार्डांचा, दुसरा 75 चा, आणि तरी ईगल्सनी बरोबरी केली 23-23, मॅच ओव्हरटाइममध्ये गेली, काउबॉइज रांगत रांगत पंधरा यार्डांपर्यंत आले आणि डॅकने पुन्हा कूपरकडेच फेकला. रसूल डग्लस मधे आला होता, त्याचा हात लागला, बॉल वर उडाला, अशा वेळी नव्वद टक्के लोक डग्लसकडे बघत राहतील, कूपर बॉलकडे बघत होता. उचलला आणि आत गेला, 29-23. इथे लोक नशीब म्हणतात. नशीब होतंच, पण दहावा कॅच होता तो, त्या आधीचे नऊ कुठून आले?

डॅलसकडून नऊ मॅचमध्ये 53 कॅच, 725 यार्ड, सहा टचडाऊन. टीम 10-6, डिव्हिजन (चार टीमचा गट) जिंकली, सिॲटलला 24-22 ने हरवून प्लेऑफची एक मॅच जिंकली. मग लॉस एंजेलिसला रॅम्सकडून 30-22 ने हरले, आणि त्या मॅचचं खापर रिसीव्हरवर फोडता येत नाही, रॅम्सच्या दोन रनिंग बॅकनी (बॉल हातात घेऊन पळणारे) प्रत्येकी शंभराच्या वर यार्ड पळून काढले, आमचा डिफेन्स उभा राहून बघत होता.

आता किंमत, आणि माझ्या मते सगळ्यात मजेची गोष्ट हीच आहे. दिलेला पिक किती मोठा हे ट्रेडच्या दिवशी कुणालाच माहीत नसतं, कारण तो नंबर तुम्ही पुढे किती हरता त्यावर ठरतो. 3-4 वर सीझन तसाच घसरला असता तर तो पिक बारा-पंधराच्या आसपास कुठेतरी गेला असता. कूपर आला, टीम जिंकत गेली, पिक 27 वर गेला. म्हणजे ट्रेडने स्वतःचीच किंमत उतरवली. याच्या बरोब्बर उलटं शिकागोचं. 2022 च्या नोव्हेंबरात बेअर्सनी स्टीलर्सकडून चेस क्लेपूल घेतला, सेकंड राउंडचा पिक देऊन, ऐकायला बरं वाटतं, फर्स्ट तरी नाही दिला. पण टीम 3-14 झाली, त्यामुळे तो पिक सेकंड राउंडमधला पहिलाच निघाला, आणि त्या वर्षी मायामीचा फर्स्ट राउंडचा पिक लीगने शिक्षा म्हणून काढून घेतलेला असल्यामुळे तो एकूण 32 वा, म्हणजे एरवी जो फर्स्ट राउंडचा शेवटचा असतो तो नंबर. क्लेपूलने बेअर्ससाठी त्या सीझनमध्ये 14 कॅच घेतले. स्टीलर्सनी त्या पिकवर जोई पोर्टर ज्युनियर घेतला. कागदावर कूपरचा सौदा महाग आणि क्लेपूलचा स्वस्त होता, हातात पडलं ते पाच नंबरांच्या फरकाने जवळपास सारखंच.

यावर माझा एक मित्र (ईगल्सवाला, आणखी काय) म्हणतो की त्याच 2019 च्या ड्राफ्टमध्ये पुढे गाजलेले तीन रिसीव्हर होते, डीबो सॅम्युअल 36 ला गेला, ए. जे. ब्राउन 51 ला, डीके मेटकाफ 64 ला, पिक ठेवला असता तर यातला एक स्वस्तात नसता का मिळाला? मिळाला असता, हो, कुणाला घ्यायचं ते आधी माहीत असतं तर. पण तिथेच 32 व्या नंबरवर पेट्रियट्सनी, त्यांच्या नावाजलेल्या कोचने बिल बेलिचिकने, एन्कील हॅरी हा रिसीव्हर घेतला, जो पुढे चाललाच नाही, हे तो सांगत नाही. आणि दुसरं, एप्रिल 2019 मध्ये येणारं पोरगं ऑक्टोबर 2018 मध्ये बॉल झेलत नाही.

मात्र त्याच न्यायाने, रेडर्सनी त्या 27 व्या पिकवर जोनाथन एब्रम घेतला, तो पहिल्याच मॅचमध्ये खांदा दुखावून सीझनभर बाहेर बसला आणि 2022 मध्ये त्यांनी त्याला सोडूनही दिलं, हे मी आमच्या बाजूने मोजत नाही. काउबॉइज फॅन हे नाव फार घेतात. रेडर्सना जे मिळायला हवं ते मिळालं होतं, नंतर त्यांनी त्याचं काय केलं तो त्यांचा वेगळा व्यवहार.

ट्रेडच्या खात्यात अजून एक गोष्ट येते जी लोक विसरतात, कूपर नऊ मॅचपुरता भाड्याने नव्हता आणला. त्याच्या पहिल्या कॉन्ट्रॅक्टचं पाचवं वर्ष शिल्लक होतं, 2019 चं, सुमारे 1 कोटी 39 लाख डॉलरवर. त्या वर्षी 79 कॅच, 1,189 यार्ड, आठ टचडाऊन. इथे दुसरी बाजूही सांगतो, पेट्रियट्सविरुद्ध स्टेफन गिलमोरने त्याला एकही कॅच घेऊ दिला नाही, आणि डिसेंबरात फिलाडेल्फियात सीझन टांगलेला असताना शेवटच्या फोर्थ डाऊनला, म्हणजे चौथ्या नि अखेरच्या संधीला, हा चक्क बाहेर उभा होता. टीम 8-8. तो सीझन कुणाच्याच जिवावर उभा राहिला नाही. तरीही दीड सीझन, एक डिव्हिजन, एक प्लेऑफचा विजय आणि 24 वर्षांचा खराखुरा नंबर वन रिसीव्हर, 27 व्या पिकच्या बदल्यात. मी रोज घेईन.

इथे पहिली पावती संपली. मार्च 2020 मध्ये पाच वर्षांचं 10 कोटी डॉलरचं कॉन्ट्रॅक्ट झालं, ते मला ठीकठाक वाटतं, पुढच्याच महिन्यात ड्राफ्टमध्ये सीडी लॅम्बसारखा रिसीव्हर 17 व्या नंबरवर हाताला लागेल हे तेव्हा कुणाला माहीत होतं. घोडचूक झाली ती मार्च 2022 मध्ये. त्या सीझनचे 2 कोटी डॉलर पक्के व्हायची तारीख जवळ आली म्हणून घाईघाईने क्लीव्हलंडला पाचव्या राउंडच्या पिकवर देऊन टाकला, वर सहाव्या राउंडच्या नंबरांची अदलाबदल. आणि त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत दावंते ॲडम्सचा ट्रेड झाला पहिल्या आणि दुसऱ्या राउंडच्या पिकवर, टायरीक हिलचा पाच पिकवर. रिसीव्हरचा बाजार कडाडायच्या तोंडावर आमच्या लोकांनी माल रद्दीच्या भावात काढला. कूपरने क्लीव्हलंडला जाऊन 1,160 आणि मग 1,250 यार्ड काढले, 2023 च्या नाताळच्या आदल्या दिवशी ह्यूस्टनविरुद्ध एकट्याचे 265, ब्राउन्सचा रेकॉर्ड. इकडे वर्षभराने रिकामी जागा भरायला काउबॉइजनी ब्रँडिन कुक्स आणला, त्याला पुन्हा पाचव्या नि सहाव्या राउंडचे पिक मोजले. या सगळ्याचा राग लोक 2018 वर काढतात, ते मला पटत नाही.

मग पुढचा प्रश्न ठरलेला, की यार्ड किती काढले यावरून सरळ ठरवता येत नाही का? नाही येत. 15 ऑक्टोबर 2024 घ्या. आदल्या रात्री बिल्सनी जेट्सना 23-20 ने हरवलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी दोघांनीही रिसीव्हर आणला, दोघांनीही थर्ड राउंडच्या पिकवर, जेट्सनी ॲडम्स आणि बिल्सनी, हो, आपलाच अमारी कूपर. ॲडम्सने 11 मॅचमध्ये 854 यार्ड आणि सात टचडाऊन केले, एकदम झकास, आणि 2-4 वर असलेले जेट्स 5-12 वर संपले, मार्चमध्ये त्याला सोडूनही दिलं. कूपरने बिल्ससाठी जेमतेम 300 यार्ड काढले, बिल्स 13-4 आणि कॉन्फरन्सच्या (लीगच्या अर्ध्या भागाच्या) फायनलपर्यंत. आता ॲडम्सने काय कमी केलं? काही नाही. जेट्सच्या जखमेवर रिसीव्हर हे औषधच नव्हतं, कोच आठवडाभर आधी काढलेला, ऑफेन्स विस्कटलेला. ते पैसे वाया गेले असं मी बेधडक म्हणतो, 854 यार्ड असूनही.

पण म्हणून बिल्सचा सौदा भारी ठरला असंही म्हणणार नाही, तुम्ही तेच म्हणवून घ्यायला बघताय. बिल्स तेव्हाच 4-2 होते, अडलेले नव्हतेच, कूपर नसता तरी तेवढेच पुढे गेले असते असं माझं मत. थर्ड राउंडचा पिक देऊन त्यांनी मनाची शांती घेतली, आणि कॅन्सस सिटीला 32-29 ने हरल्यावर तीही राहिली नाही. आणि आमच्याच काउबॉइजनी त्याच सीझनला चौथ्या राउंडचा पिक देऊन कॅरोलिनाकडून जोनाथन मिंगो हा रिसीव्हर आणला तेव्हा आमचा सीझन आधीच बुडालेला होता, डॅकही जखमी झालेला, त्याबद्दल मात्र कुणी विचारायला येत नाही, मीही काढत नाही.