सरांनी दिलेलं गाव

शाळेच्या स्मरणिकेसाठी चार ओळी पाठवा, असं पत्र आलं. शाळेबद्दल बाकीचे लिहितीलच; मला आमच्या ड्रॉइंगच्या सरांबद्दलच लिहायचं आहे.

इंटरमिजिएट या चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेच्या तयारीत सगळे स्थिरचित्र नि संकल्पचित्र घोटत असताना सरांनी माझ्या हाती जुन्या कॅलेंडरचं एक पान दिलं. ऑस्ट्रियन चित्रकार गुस्ताव क्लिम्टचं ‘मालचेझिने’. इटलीतल्या गार्डा सरोवराकाठचं गाव, १९१३ सालचं चित्र. खाली पाणी, काठाला होड्या, घरावर चढलेलं घर आणि वर किल्ला. “परीक्षेत हे येणार नाही, पण डोळा तयार होईल,” सर म्हणाले.

चौकटी आखून उतरवायला त्यांची मनाई होती. पुठ्ठ्याला चौकोनी भोक पाडून त्यांनी तो चित्रावर ठेवला. “एवढंच बघ.” त्या भोकातून घर, खिडकी काही कळायचं नाही, नुसते रंगाचे तुकडे. क्लिम्ट स्वतः असाच पुठ्ठा घेऊन निसर्गचित्रांच्या जागा शोधायचा, हे मी पुढे मुंबईच्या जे.जे. कला महाविद्यालयात असताना वाचलं. सरांना ते तेव्हाच ठाऊक असणार.

पांढऱ्या पोस्टर कलरची बाटली सरांच्या टेबलावर असायची. हवा तेवढा पांढरा मागायचा, पण आधी त्यात काय मिसळणार ते सांगायचं. या भिंतीत पिवळी माती, त्या भिंतीत थोडा जांभळा. एका दुपारी कोपऱ्यातल्या एवढ्याशा भिंतीपायी मी टेबलाशी पुन्हा पुन्हा गेले. शेवटी “पाण्यातलाच हिरवा, थेंबभर” म्हटलं, तेव्हा सरांनी बाटली पुढे सरकवली. आज माझ्या प्रदर्शनात कुणी रंगांचं कौतुक केलं, की ते श्रेय त्या दुपारचं आहे.

व्हिएन्नाला बेल्व्हेडेर संग्रहालयात क्लिम्टचं आटर सरोवरावरच्या काम्मर महालाचं चित्र बघितलं. मालचेझिने मात्र कुणालाच बघता येणार नाही. युद्धात सुरक्षित राहावं म्हणून ऑस्ट्रियातल्या इमेनडॉर्फच्या महालात ठेवलेलं ते चित्र १९४५ च्या आगीत जळालं. उरल्या आहेत त्या छापील प्रती. त्यातली एक सरांनी आठवीतल्या मुलीला विश्वासाने घरी नेऊ दिली होती!

हल्ली ग्रेड परीक्षेला मुलं बसतात ती बऱ्याचदा दहावीच्या वाढीव गुणांसाठी. वाईट वाटतं. शाळेची नवी इमारत होते आहे, तर चित्रकलेचा वर्ग उत्तरेच्या खिडक्यांकडेच ठेवावा, तिथला उजेड दिवसभर सारखा राहतो. कागद-रंगांचा खर्च मी करीन.