पाच वाजता आलेले

दुपारी भाजी आली. हल्ली आमच्याकडे भाजी येते, आणायला कुणी जात नाही. पिशवीत मागवलेली वांगी होती, गवार होती, आणि न मागवलेली कोथिंबिरीची एक जुडी. मोबाइलवरच्या बिलात तिच्यासमोर शून्य. शेजारी मूळ किंमत छापून तिच्यावर काट मारलेली, म्हणजे आपल्यावर किती उपकार झाले ते घेणाऱ्याला नीट कळावं. भाजी देणारा मुलगा एव्हाना जिना उतरूनही गेला होता. मी जुडी हातात धरून उगाचच दारात उभी. आता हिचे पैसे द्यायचे कुणाला?

फुकटचं आमच्या घरात कुणाला सोसत नाही. हे आजीचं देणं.

नगर जिल्ह्यातलं आमचं गाव. आठवडी बाजारात आजी भाजी घ्यायची तेव्हा माळीणबाई सवयीनं वर चार मिरच्या टाकायची. आजी त्या मिरच्यांचे पाच पैसे वेगळे काढून पुढे धरायची. "राहू दे ना म्हातारे." "न्हाई, धर." दर आठवड्याला हाच संवाद. दिवाळीत शेजारून फराळाचं ताट यायचं. ताट रिकामं परत करू नये हे सगळ्यांच्याच घरात असतं, पण आजी करंज्या मोजून घ्यायची आणि नाताळात एक जास्त घालून परत करायची. मिशनच्या शाळेत चार बुकं शिकलेली, त्यामुळे वही होती. वहीत वाटीभर साखर, अर्धा शेर तेल, उसनी आगपेटी, सगळं तारीखवार आणि फिटलं की आडवी रेघ.

ही वही ज्या खिळ्याला सुतळीनं अडकवलेली असायची, त्याच खिळ्याला काचेची एक तसबीर होती. आत्यानं शाळेत असताना लाल दोऱ्यानं भरलेलं वचन: 'कृपेनेच विश्वासाच्या द्वारे तुमचे तारण झालेले आहे.' इफिसकरांस पत्र, अध्याय दुसरा. 'द्वारे'वरची मात्रा भरायला आत्या विसरली होती आणि काच काढून ती दुरुस्त करायचं कुणाच्या मनात आलं नाही. तारण, म्हणजे उद्धार, फुकट असल्याचं सांगणारी तसबीर, आणि खाली लोंबणारी उधारीची वही. आजीला यात काहीच वावगं वाटत नव्हतं. रविवारी ती कृपेची गीतं सगळ्यांत मोठ्यानं म्हणायची, सोमवारी माळीणबाईंशी पाच पैशांवरून भांडायची.

हंगामाच्या सणाला तर कहर. या सणाला मंडळीतले लोक आपापलं पीक, कोंबड्या, अंडी, जे असेल ते घेऊन येतात आणि उपासना झाली की त्याचा लिलाव होतो. पैसे चर्चला. आजी परसातला भोपळा घेऊन जायची आणि लिलावात बोली चढवत चढवत आपलाच भोपळा विकत घेऊन घरी यायची. मग आठवडाभर भोपळा. लहानपणी मला देवाचा राग यायचा तो या भोपळ्यामुळे.

तिचं असं का होतं हे मला फार उशिरा उमगलं, तेही तिनं न सांगता. आमचं घराणं ख्रिस्ती झालं ते १८७६-७७ च्या मोठ्या दुष्काळानंतर. नगर जिल्ह्यात त्या वेळी गावकुसाबाहेरचे अनेक लोक ख्रिस्ती झाले. मिशनऱ्यांनी कामं काढली होती, अन्न दिलं होतं, अनाथ पोरं सांभाळली होती. त्यामुळे 'पोटासाठी बाटले' हा शिक्का बसला तो बसलाच. दोन पिढ्यांनंतर अमेरिकेतून दुधाची पावडर आली तेव्हा टोमण्यात तेवढी पावडर घातली गेली, बाकी टोमणा तोच. ज्या माणसानं पिढ्यान्‌पिढ्या ज्वारीच्या खळ्यावर राबून खाली सांडलेलं धान्य पदरात घेतलं, त्यानं भुकेच्या वेळी पोटभर खाल्लं तर त्याचा हिशोब शंभर वर्षं मागितला जातो. आजी तो हिशोब फेडत होती. माळीणबाईंच्या मिरच्यांपासून सुरुवात करून.

मग १९७२ आला. आजी साठीच्या आतबाहेर, पण अंगानं काटक. गावाबाहेर दुष्काळी काम निघालं आणि आई-वडिलांबरोबर तीही खडी फोडायला जाऊ लागली. बोटांना सायकलच्या ट्यूबचे तुकडे गुंडाळलेले, तरी हातोडा निसटायचाच. खडीच्या ढिगाचं माप व्हायचं, मुकादम मस्टरवर हजेरी मांडायचा, पगार आठवड्यानं. शाळा सुटली की आम्ही पोरं तिथे पळायचो, कारण तिथे सुकडी मिळायची. गोडसर, भरडसर, घशात बसणारी. मला अजूनही तिच्याइतकं चविष्ट काही आठवत नाही. रेशनला मिलो, म्हणजे परदेशी लाल ज्वारी होती, त्याच्या लाल भाकरी आई थापायची आणि त्या ताटात येईपर्यंत वाळायच्या. आजीनं मुकादमाला विचारलं होतं म्हणे, सुकडीचे पैसे पगारातून कापता का? तो हसला. आजीनं सुकडी आम्हांला खाऊ दिली, स्वतः कधी तोंडात घातली नाही.

त्याच दिवसांत एका रविवारी तालुक्याहून पाळकसाहेब आले. आमचं चर्च म्हणजे शाळेचीच खोली. फळ्यावर शनिवारचे पाढे तसेच. साहेबांनी मत्तयाच्या शुभवर्तमानातला विसावा अध्याय काढला. द्राक्षमळ्याचा मालक. पहाटे मजूर लावतो, नऊला लावतो, बाराला, तीनला, आणि दिवस मावळायला तासभर उरलेला असताना पाच वाजताही लावतो. संध्याकाळी सगळ्यांना मजुरी सारखीच.

समोर बसलेल्यांत एकही बोट धड नव्हतं.

साहेब शहरातले. त्यांनी देवाच्या उदारपणावर बोलायला सुरुवात केली आणि मागून आमचे एक चुलते उठून म्हणाले, "साहेब, पाचला आला त्याला पुरी हजेरी?" खोलीत खसखस पिकली. साहेब म्हणाले, ही उपमा आहे. चुलते म्हणाले, "असंल. पर मस्टर कुणाकडं व्हतं?" मग बायकांतून आजीचा आवाज आला. तिची हरकत वेगळीच होती. "मालकानं शेवटी आलेल्यांला आधी पैकं कशापायी दिलं? पहाटेच्यांला आधी देऊन वाटंला लावायचं. त्यांला कळलंच नसतं. भांडण आपल्या हातानं वढून घेतलं."

पुढे मी या उताऱ्यावर कितीतरी उपदेश ऐकले. पुण्यात, मुंबईत, एकदा तर परदेशी शिकून आलेल्यांचाही. पण शेवटच्यांना आधी बोलावण्यात सगळी गोम आहे हे आजीइतकं नेमकं कुणी पकडलं नाही. मालकाला ते भांडण हवंच होतं. पहाटे आलेल्यांना त्यांची ठरलेली मजुरी पुरी मिळाली, एक पैसा कमी नाही. दुखलं ते दुसऱ्याला मिळालेलं बघून. साहेबांनी त्या दिवशी घड्याळ पाहिलं आणि गीत सांगितलं.

गीत बहुधा टिळकांचंच असणार. रेव्हरंड नारायण वामन टिळकांवर आजीची माया अफाट, आणि तक्रारही. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, म्हणजे आमच्या घराण्याच्या बराच नंतरचा. "पाच वाजता आले," आजी म्हणायची, "अन् समदं गीताचं पुस्तक भरून टाकलं." त्यात कौतुक किती आणि चिमटा किती ते सांगता येत नाही. कोकणातला चित्पावन कवी नगरला येतो आणि आमच्या हातात टाळ-मृदंग देऊन ख्रिस्ताचे अभंग गायला लावतो. हातोड्यानं बधिर झालेल्या हातांनी आजी ते टाळ वाजवायची, डोळे मिटून. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं टिळक म्हणत. आमचे पूर्वज दुष्काळाच्या पुलावरून आले. दोन्ही वाटा एकाच अंगणात उतरल्या, पण कोण कुठून आला हे अंगणात कुणी विसरलं नव्हतं, याला आजी साक्ष.

तुकाराम शेजारीही होता. शेजारच्या काकू माळकरी, आषाढीची वारी न चुकवणाऱ्या. संध्याकाळी ओट्यावर दोघी ज्वारी निवडत बसायच्या आणि मेल्यावर काय, यावर निवांत बोलायच्या, आपण बदलीच्या गावाबद्दल बोलावं तशा. काकूंना मोक्ष नको होता. 'हेचि दान देगा देवा' म्हणून त्या शेवटी 'सुखें घालावें आम्हांसी' वर यायच्या: पुन्हा जन्माला घाल, फक्त तुझा विसर पडू देऊ नको. आजी खडा बाजूला टाकत म्हणायची, "तुमचं बरंय बाई. मला न्हाई जमायचं पुन्यांदा. येकदा झालं तेवढं बास." काकू म्हणायच्या, "मग तुमच्या स्वर्गात काय करणार?" आजी थोडा वेळ गप्प. कारण खरंच, काय करणार?

मी ते नंतर वाचून काढलं. बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणाच्या एकविसाव्या अध्यायात, स्वर्गातल्या त्या नगरीचं वर्णन आहे. लांबी, रुंदी आणि उंची सारखी. बारा वेशी, एकेक वेस एकेका मोत्याची. रस्ता शुद्ध सोन्याचा. रात्र नाही, आणि वेशी कधी बंद होत नाहीत. आजीला यातलं सोनं-मोती ऐकून काहीच वाटायचं नाही. तिची अडचण वेशींची. घराला कुलूप लावून पुन्हा दोनदा ओढून बघणारी बाई, तिला सताड उघड्या वेशी कशा पटाव्यात? रात्र नाही म्हणजे निजायचं कधी हाही प्रश्न होताच. मला वाटतं तिला तिथे एखादं काम हवं होतं. निदान झाडलोट. स्वर्गात गेल्याबरोबर ती पदर खोचून विचारणार, झाडू कुठे ठेवता?

येशूच्या शेजारी वधस्तंभावर खिळलेल्या चोराबद्दल मात्र ती कधी बोलली नाही. आयुष्यभर चोऱ्या केल्या, शेवटच्या घटकेला एक वाक्य बोलला, आणि त्याच दिवशी सुखलोकात. पाचच्याही नंतर आलेला, जवळजवळ मस्टर मिटल्यावर. त्याच्यावर उपदेश निघाला की आजी खिडकीबाहेर बघायची.

ती गेली मे महिन्यात. आजारी पडली नाही, कुणाकडून पाणीसुद्धा मागून घेतलं नाही. तिच्या पेटाऱ्यात बिस्किटांचा पत्र्याचा डबा निघाला. आत पैसे, आणि वहीच्या पानावर तिच्या अक्षरात यादी. पेटीच्या फळ्या, सुताराची मजुरी, आतलं कापड, खिळे, खड्डा खणणाऱ्याला, आणि 'लोकास चहा'. प्रत्येकापुढे रक्कम. स्वतःच्या मातीचं कुणावर ओझं नको. वडिलांनी ते पान हातात घेतलं आणि बराच वेळ त्यांना वाचता येईना.

अडचण एवढीच की रकमा जुन्या होत्या. तिनं ती यादी कधी केली असेल कोण जाणे. मध्ये भाव कुठल्या कुठे गेले. सुतार आला, त्यानं पान वाचलं, पैसे मोजले. म्हणाला, "यात खिळं पन न्हाई यायचं." वडील उरलेले पैसे काढायला आत वळले तर त्यानं रंधा बाहेर काढून कामाला सुरुवातही केली होती. "ऱ्हाऊ द्या," म्हणाला. "म्हातारीकडनं काय घ्यायचं." ऊन चढत होतं, वाट बघायला वेळ नव्हता. वडिलांनी फार आग्रह केला नाही. मला तेव्हा वाटलं, आता ही उठून बसणार आणि म्हणणार, "न्हाई, धर."

उठली नाही. फुकटच्या पेटीत निजून गेली.

परलोकाचं मला स्वतःला नक्की काही सांगता येत नाही. विश्वास आहे, आणि काही दुपारी नसतो. पण त्या द्राक्षमळ्याच्या गोष्टीतलं एक मला अजून कुणी सांगितलेलं नाही, आणि पाळकसाहेबांनाही ते सुचलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी काय झालं? पाचला आलं तरी पुरी मजुरी मिळते हे गावभर झाल्यावर पहाटे त्या मळ्यात किती जण आले असतील? येशू गोष्ट आदल्या संध्याकाळीच संपवतो. शहाण्या माणसांनी आरामात झोपून पाचला उगवायला हवं. मी स्वतः तेच केलं असतं.

आजी मात्र उजाडायच्या आत गेली असती. बोटांना ट्यूब गुंडाळून. आणि पाचला कुणी आलंच, तर त्याला पाणी देऊन मग चांगलं फैलावर घेतलं असतं.