तुम्ही विचारलंत म्हणून: एकच काहीतरी नीट का करत नाहीस?

हा प्रश्न मला दोन प्रकारची माणसं विचारतात. लग्नकार्यात भेटणाऱ्या आत्या-मावश्या विचारतात, तेव्हा त्यांना उत्तर नको असतं. माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान मुलंमुली विचारतात, "ताई, मला पाच गोष्टी आवडतात, एक कशी निवडू?" त्यांना मात्र उत्तर हवं असतं, आणि नेमकं तेच माझ्याकडे धड नसतं. तरी एकदा लिहून टाकते.

आधी हिशेब देते. वय 27. सांगलीत एका कर सल्लागारांकडे नोकरी करते. महिन्याच्या 11 आणि 20 तारखेच्या आसपास जीएसटीची विवरणपत्रं भरायची असतात, त्या दिवसांत माझ्याशी कुणी बोलू नये. रविवारी सकाळी मोडी, म्हणजे जुन्या मराठी कागदांची लिपी, वाचायला शिकते. शनिवारी संध्याकाळी मिरजेला एका सतारमेकरांच्या कारखान्यात तंबोऱ्याची जवारी काढायला, म्हणजे तारेखालची घोडी घासून तारेला झंकार आणायला, शिकते. याआधी गिटार झालं (चार महिने), जर्मन झालं (पहिल्या पायरीपर्यंत, परीक्षा दिलीच नाही), आणि क्रोशाचा एक टेबलक्लॉथ आहे, तो गेली तीन वर्षं निम्मा आहे.

"एक ना धड, भाराभर चिंध्या," आत्या म्हणते. माझी बाजू घेणारं कुणी जवळ असलंच तर लगेच म्हणतं, "चिंध्यांचीच तर गोधडी होते!" ऐकायला गोड आहे, पण खोटं आहे. आईला गोधड्या शिवताना मी पाहिलंय. नुसत्या चिंध्या साठवून गोधडी होत नाही, धावदोरा घालत महिनाभर मान मोडून बसावं लागतं. माझ्या गिटारचा आणि जर्मनचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, पुढेही येणार नाही. ते दिवस वाया गेले. मजेत गेले, पण गेले.

मोडीचं मात्र वेगळं झालं. आमच्याकडे हळदीचे एक व्यापारी येतात. सांगली म्हणजे हळदीची पेठ, आणि शेजारच्या हरिपूरला जमिनीत खोदलेल्या पेवांमध्ये हळद साठवायची जुनी रीत. त्यांच्या गोदामाची सफाई निघाली तेव्हा लाल बासनात बांधलेल्या आजोबांच्या वह्या सापडल्या, सगळ्या मोडीत. त्यांनी सहज विचारलं, "तुम्हाला वाचता येतं का हो?" मला येत नव्हतं. रोज खतावणी बघणाऱ्या बाईला खतावणी वाचता येऊ नये याचा राग आला आणि मी वर्गात नाव घातलं.

मोडीत आधी ओळभर रेघ ओढून घेतात आणि मग हात न उचलता अक्षरं तिला लटकवत जातात. ऱ्हस्व-दीर्घाचा फारसा भेद नाही, शब्दांमध्ये जागा नाही, विरामचिन्हं नाहीत. पेशवाईतले कागद तर सालसुद्धा अरबी शब्दांत सांगतात. 'सबा सितैन मया व अलफ' म्हणजे सात, साठ, शंभर आणि हजार, एकूण 1167. त्यात महिना बघून 599 किंवा 600 मिळवायचे की इसवी सन येतो. बेरीज करूनच तारीख कळते, हे मला भारी आवडलं.

सहा-सात महिन्यांनी त्या वह्यांचं एक पान मी वर्गात नेलं. आमच्या सरांचा हात कुणी धरू शकत नाही, पण एका शब्दावर ते अडले. 'तेलाई' असा वाचला आणि म्हणाले, दिवाबत्तीच्या तेलाचा खर्च असेल. वरच्या ओळीत हमाली होती. मी म्हटलं, "सर, तोलाई." शेतकऱ्याच्या मालाची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, करताना हमाली आणि तोलाई (माल तोलायची मजुरी) अशाच एकाखाली एक वजा होतात, मी त्या रोज बघते. पुढचा आकडा शाईच्या डागाखाली गेला होता. खालची बेरीज धरून उलटं वर गेलो तर दोन आणे सहा पै निघाले. सोळा आण्यांचा रुपया आणि बारा पैंचा आणा, एवढं ध्यानात ठेवलं की बास. सर चष्मा काढून माझ्याकडे बघत राहिले. खरं सांगते, नोकरीत चार वर्षांत इतकं कौतुक झालं नव्हतं.

अनेक गोष्टी करणाऱ्यांची उदाहरणं द्यायची झाली की लोक डॉक्टरकी सोडून रंगभूमीवर आलेले श्रीराम लागू सांगतात. त्याने काही सिद्ध होत नाही, कारण ते श्रीराम लागू होते. मला पटतं ते दामोदर कोसंबींचं, आणि तेही ते थोर होते म्हणून नाही, तर ते एका विषयातून दुसऱ्यात ज्या वाटेने गेले त्यासाठी. मूळचे गणिती. संख्याशास्त्र नीट शिकायचं म्हणून सरावाला एखादा खरा प्रश्न हवा होता, तर त्यांनी प्राचीन आहत (ठसे मारलेली) नाणी तोलायला घेतली. नाणं हातोहात फिरताना झिजतं, म्हणून वजनावरून त्याचं वय ताडता येतं. हे पारखायला चलनातली साधी नाणीही तोलली. मग ही नाणी पाडली कुणी, हा प्रश्न आला. त्यासाठी जुने ग्रंथ, ग्रंथांसाठी संस्कृत, आणि तिथून भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती. प्रत्येक पायरीवर आधीचं काम अडलं म्हणून पुढचं शिकावं लागलं.

जवारीचं असं काही सांगता येत नाही. त्या कारखान्याचे कागद घ्यायला गेले होते, तासभर ऐकत बसले आणि परत परत जात राहिले. मिरजेच्या या घराण्यांचे पूर्वज शिकलगार, हत्यारं घडवणारे आणि धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात हत्यारांची मागणी सरली आणि ते भोपळ्याच्या सतारींकडे वळले. (त्यांच्याही आत्या असतीलच.) तंबोऱ्याच्या घोडीवर तार जिथे टेकते तो पृष्ठभाग कानशीने किंचित गोलसर करायचा, म्हणजे तार त्याला घासत घासत झंकारते. जास्त घासलं की घोडी गेली, घासलेलं परत येत नाही. माझ्या हातून एक गेली आहे. मला शिकवणारे चाचा काही बोलले नाहीत, दोन आठवडे मला फक्त झाडू दिला. जवारीचा ना मोडीला उपयोग झाला, ना जीएसटीला. मला ती आवडते, बस्स.

किंमत पडते, हेही सांगायला हवं. माझ्याबरोबर शिकलेली मैत्रीण सीए झाली, मी झाले नाही. तिने पाच वर्षं दुसरीकडे मान वळवली नाही आणि मला तिचा हेवा वाटतो. मी कुठेही जाते तिथे शिकाऊच असते, अठरा वर्षांच्या पोराच्या शेजारी बसून त्याच्याहून वाईट काम करत.

लहान मुलामुलींना सांगण्यासारखं एवढंच सापडलंय: सुरू हवं तेवढं करा, पण निदान एका गोष्टीत, दुसऱ्या कुणाला उपयोगी पडेल असं एक काम आपल्या हातून होईपर्यंत सोडू नका. एक कागद वाचून देणं, एक तंबोरा लावून देणं. गिटार मी त्याआधीच सोडलं, म्हणून ते आज भिंतीवर आहे आणि दर दिवाळीला मला पुसावं लागतं.

आणि आत्यासाठी: गेल्या महिन्यात बाबांनी माझा बायोडाटा केला. कागद एका पानाचा, 'छंद'साठी अर्धी ओळ. मी म्हटलं, मोडी आणि जवारी लिहा. जवारी म्हटलं की लोक समजावून मागतील, असं म्हणत त्यांनी थोडा वेळ विचार केला आणि टाइप केलं, 'वाचन, रांगोळी'. रांगोळी मी दिवाळीलासुद्धा स्टिकरची लावते.